नागोजण्णांची फळी

गाडी मला शुक्रवारी संध्याकाळी हवी होती. शनिवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको कोल्हापूरला निघणार होतो. माझ्या धाकट्या भावाच्या घराची वास्तुशांत होती. चार वाजता शाळा सुटल्याबरोबर मी रिक्षा करून म्हैसूरच्या बन्नीमंटप भागात, गाडी दुरुस्तीला दिली होती तिथं गेले. बघते तर गाडीचं पुढचं उजवं चाक काढलेलं, इंजिन खालून लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवलेलं, आणि सत्तरीकडे झुकलेला एक सडपातळ माणूस स्टुलावर बसून हातातला काळा रबरी पट्टा फिरवून फिरवून बघत होता. जपमाळ ओढावी तसा, एकेक दात पुढं सरकवत.

"झाली का गाडी?"

"नाही की. हा असा का झाला ते अजून कळलं नाही."

"पण तो काढूनच टाकायचाय ना? नवा घाला आणि द्या."

त्यांनी दोरीनं बांधलेला चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. आवाज चढला नाही, उलट थोडा खालीच आला. "का मेलं ते कळल्याशिवाय नवं घालायचं नाही, ताई. घातलं तर नवंही तसंच मरतं. कुठं जायचंय तुम्हाला?"

"कोल्हापूर."

"मग तर नाहीच."

हे नागोजीराव माने. गल्लीतले सगळे त्यांना नागोजण्णा म्हणत. माझी त्यांची ही दुसरी भेट. पहिली, गाडी सोडताना, पाच मिनिटांची झाली होती. कुवेंपुनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी त्यांचं नाव सांगितलं होतं. "तुमच्यातलेच आहेत, मराठी बोलतात," असं ते म्हणाले होते. ते मराठी बोलत होते हे खरं, पण तेव्हा ते मला मुळीच आमच्यातले वाटले नाहीत. मी फणफणत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं कोल्हापूरला गेलो.

सोमवारी परत गेले ती भांडायच्या तयारीनंच. त्यांनी स्टूल माझ्यापुढं सरकवलं, आतून कॉफी मागवली आणि म्हणाले, "सापडलं. या, दाखवतो."

गाडी चालवायला लागून मला सात वर्षं झाली होती, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते आणि इंजिनाच्या आत काय चालतं याबद्दल मला पुस्तकातल्या चार आकृत्यांपलीकडं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते मला वीस मिनिटांत सांगितलं. इंजिनाच्या पोटात पिस्टन वर-खाली होतात. वर डोक्यात झडपा असतात, त्या उघडतात, मिटतात. पिस्टन वर येताना झडप मिटलेली हवी, नाहीतर दोघांची टक्कर. ही वेळ पाळायचं काम तो दातेरी पट्टा करतो. खालची चाकं आणि वरची चाकं त्यानं एकमेकांना बांधलेली असतात. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो चालत्या गाडीत तुटला, किंवा नुसता चार दात घसरला, की एका क्षणात झडपा वाकतात. "आवाज पण मोठा येत नाही," नागोजण्णा म्हणाले. "टक् करून एक येतो. झालं."

ही जुनी गाडी घेऊन मला वर्षच झालं होतं, आणि तिचा पट्टा आधीच्या मालकानं बदलून घेतला होता. त्याला अजून बरंच आयुष्य असायला हवं होतं. तरी एका कडेनं त्याचे धागे सुटले होते, आणि आतल्या बाजूला तो तेलकट, फुगल्यासारखा झाला होता. हे का, यासाठी ते शुक्रवारपासून अडून बसले होते.

वर्तमानपत्रावर त्यांनी सुटे भाग ओळीनं मांडले होते. त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला. "हा पाण्याचा पंप. इंजिन गार ठेवायला पाणी फिरवतो. तोच पट्टा ह्यालाही फिरवतो. हे चाक दोन बोटांत धरा. हलवा. हलतंय?"

"नाही."

"डोळे मिटा. आता हलवा."

मी डोळे मिटले, आणि हललं. केसाएवढं, पण हललं. मी डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

"डोळा मध्ये येतो," ते म्हणाले. "हे चाक केसाएवढं वाकडं फिरलं, म्हणून पट्टा कडेला घासला. अन् तेल कुठनं आलं? हे बघा." त्यांनी रबराची एक बांगडी पुढं केली. दांडा इंजिनातून बाहेर येतो तिथं तेल बाहेर येऊ नये म्हणून ही बसवतात, ऑइल सील. तिची कड त्यांनी नखानं दुमडली, तर ती वाळलेल्या भाकरीसारखी चिरली. "पहिल्या माणसानं पट्टा तेवढा बदलला. पंप जुना, सील जुनी. एका घरातली माणसं ही. एकाला काढलं की सगळ्यांची विचारपूस करायला पाहिजे का नको?"

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या तिकडच्या मराठीत ऑइल सीलला काय म्हणतात?"

"ऑइल सीलच म्हणतात."

"असं का?" ते खट्टू झाले. "मला वाटलं, काहीतरी चांगलं नाव असेल."

त्या दिवशी मी भांडले नाही. उलट सुट्टी टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण ते म्हणाले होते, "उद्या बसवणार. बघायचं असेल तर या. सुम्मने नका येऊ, बघायचं असेल तरच." सुम्मने म्हणजे उगाच. हा त्यांचा आवडता शब्द होता, आणि उगाच केलेली कुठलीही गोष्ट त्यांना आवडत नसे.

कामाला हात घालण्याआधी ते साबणानं हात धुवायचे. मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतो, आधी धुणारा मी हा एकच पाहिला. मग सिमेंटच्या जमिनीवर खडूनं इंजिनाचं चित्र काढायचे आणि एकेक बोल्ट काढला की चित्रात त्याच्या जागी ठेवायचे. बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबीला सारखे नसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोचं, तुळसक्कांचं, यावर एक ठरलेलं वाक्य होतं: "दारात माझी रांगोळी, आत ह्यांची. माझी पुसली तर चालतंय, ह्यांच्यावर पाय पडला तर जेवण नाही."

नवी सील बसवताना त्यांनी तिच्या ओठाला बोटानं तेल लावलं. एका पितळी नळीच्या तुकड्यानं, अगदी हलक्या ठोक्यांनी, चारी बाजूंनी सारखी आत सारली. ती नळी त्यांनी स्वतः लेथवर कातून घेतली होती. पट्टा चढला, खुणांवर खुणा आल्या, ताण बसला. मला वाटलं, आता किल्ली. पण त्यांनी लांब पाना घेऊन इंजिन हातानं फिरवायला सुरुवात केली. सावकाश, कान देऊन. पूर्ण दोन वेळा.

"दोन का?" मी विचारलं.

ते थांबले. पाना तसाच हातात. "तुम्ही विचारला हे!" म्हणाले. "इतक्या वर्षांत तुमच्याआधी तीनच माणसं विचारलीत." खालचं चाक दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा फिरतं, दोन फेऱ्या झाल्याशिवाय सगळ्या झडपांची पाळी येऊन जात नाही. कुठं काही अडणार असेल तर ते हाताला कळतं. किल्लीला कळत नाही, किल्ली नुसती मोडते.

त्यांच्या बोलण्याची सवय व्हायला मला थोडा वेळ लागला. आपण "मी पाहिलं" म्हणतो, ते "मी बघलो" म्हणत. वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपे, आणि त्यांना ते कळतही नसे. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत "पुस्तकासारखी आहे" असं होतं आणि ती स्तुती नव्हती. त्यांचं घराणं म्हैसूरला कधी आलं, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "आजोबांचे आजोबा राजवाड्यातल्या घोड्यांचं बघायचे, असं घरात सांगतात. खरं की खोटं, मी काय बघलो नाही." पुरावा नसलेल्या पूर्वजांनाही ते सूट देत नसत. स्वतः ते बेळगोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या दुरुस्तीवर होते. तिथून सुटल्यावर घरामागं पत्र्याची शेड टाकली आणि एकटेच काम करू लागले. एका वेळी एकच गाडी. दुसरी आली तर गल्लीत थांबायची.

शेडच्या मागच्या भिंतीवर एक लांब लाकडी फळी होती. पहिल्या दिवशी मला तिच्यावरचं सगळं भंगार वाटलं होतं. तुटके पट्टे, चिरलेल्या सिली, गंजलेले पंप, झिजलेले बेअरिंग. आणि प्रत्येकाला तारेनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठ्या कन्नड लिपीत होत्या. मला कन्नड अक्षरं लावून वाचता येतात. मी लावत लावत वाचलं तर शब्द मराठी निघाले. "पा-णी क-मी." "ति-र-की ब-स-व-ली." "उं-दी-र." नागोजण्णांना देवनागरी येत नव्हती. घरात मराठी बोलायची, शाळेत कन्नड शिकायचं. तेव्हा मराठी लिहायचं ते कन्नड अक्षरांत. त्यांचे वडीलही तसंच लिहीत.

"ह्या कशाला ठेवता?"

"मेलं कशानं ते लिहिलंय. विसरायला होतं ना."

प्रत्येक मेलेला भाग ते उघडून बघत. पंप असला तर करवतीनं मधोमध कापत. मालक नको म्हणाला तरी, गाडी केव्हाच बरी होऊन गेली असली तरी. एका रविवारी मी गेले तेव्हा ते कुणाच्या तरी पंपाची करवतीनं दोन शकलं करत होते आणि तुळसक्का दारातून म्हणत होत्या, "त्या गाडीवाल्याला नको, कंपनीला नको, तुम्हालाच काय हवंय त्याच्या पोटातलं?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "याके?" याके म्हणजे का. पण तुळसक्कांच्या प्रश्नाला ते उत्तर होतं की उलटा प्रश्न होता की पंपालाच विचारलेलं होतं, हे काही कळलं नाही. ते हा शब्द सगळ्यांना विचारत. भाजीवाल्याला, टपाल घेऊन येणाऱ्या बाईला. आमच्या शाळेच्या घंटेची वेळ बदलली तेव्हा मलाही. उत्तर आलं नाही तर रागवत नसत; ज्याला उत्तर येत नाही तो त्यांना उलट जास्त आवडे.

तो कापलेला पंप मी वर्गात दाखवायला मागून नेला. परत द्यायला गेले तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "मुलं काय विचारली?"

"आवडला त्यांना. किती फेऱ्या मारतो, किती पाणी ओढतो, असं विचारलं."

"हे भोक कशाला, कोण विचारला?"

पंपाच्या मानेखाली काडीएवढं एक भोक होतं. खरं सांगायचं तर ते माझ्याही नजरेत आलं नव्हतं. नागोजण्णांनी पंप उजेडाकडं धरला. "आतली सील गळायला लागली की पाणी बेअरिंगमध्ये जायचं. ते जाऊ नये म्हणून बनवणाऱ्यानंच वाट ठेवलीय. इथनं थेंब पडतो. तो बघून मालकाला कळावं, आता मला बदला. बनवतानाच त्याला माहीत होतं, हा एक दिवस गळणार. आपण काय करतो, थेंब दिसला की तिथं एम-सील लावतो." आणि ते इतकं हसले की चष्मा नाकावर घसरला.

हे सगळं गमतीचं. पण त्यांच्या आयुष्यात जयम्माची गाडी आली नसती तर मी त्यांना कदाचित एक विक्षिप्त, प्रेमळ म्हातारा म्हणूनच लक्षात ठेवलं असतं.

जयम्मा चाळिशीची बाई, स्वतःची टॅक्सी स्वतः चालवणारी. नवरा वारल्यावर तिनं ती गाडी धरली होती. बेळगोळच्या कारखान्यांतल्या बायकांना सकाळच्या पाळीला सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे तिचं बांधलेलं काम. तिच्या गाडीचा पट्टा, पंप, सिली नागोजण्णांनी बदलल्या आणि त्यानंतर बाराव्या दिवशी, बेळगोळच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर तिघी बसलेल्या असताना गाडी टक् करून बंद पडली. कुणाला काही लागलं नाही. मागून ट्रक नव्हता म्हणून. हे जयम्मानं नंतर तीनदा सांगितलं.

गाडी ओढून बन्नीमंटपला आणली तो शनिवार होता आणि मी सहज म्हणून तिथं गेले होते. सुट्या भागांचा दुकानदारही येऊन उभा होता, कारण पट्टा त्याच्याकडचा होता. तो आधीपासूनच हात जोडून बोलत होता. त्या खेपेत माल खोटा आला असं अजून एकदोघांनी सांगितलंय, चूक माझी, मी बदलून देतो, वरच्या माणसाकडून सगळं भरून घेतो. जयम्माला ते पटलं होतं. तिनं नागोजण्णांना सांगितलं, "अण्णा, तुमच्यावर माझा काही राग नाही. माल खोटा, तुम्ही काय करणार."

विषय तिथंच संपला असता. सगळ्यांची तशी तयारी होती. नागोजण्णा फक्त म्हणाले, "स्वल्प थांबा," आणि हात धुवायला गेले.

त्यांनी चाक काढलं, झाकण काढलं. पट्टा बाहेर आला. अख्खा होता. एक दात तुटलेला नव्हता. त्यांनी तो दुकानदाराच्या हातात दिला. मग बॅटरी धरून आत बघत राहिले. पट्ट्याला ताण देणारं एक छोटं चाक असतं, ते एका नटानं आवळलेलं असतं. त्यांनी पाना घेतला नाही. दोन बोटं त्या नटावर ठेवली आणि फिरवली. नट फिरला.

त्यांनी तो उलटा फिरवला, पुन्हा सुलटा फिरवला. डोळे मिटून पुन्हा एकदा.

"पट्टा चांगला आहे," ते कन्नडात म्हणाले. "हा मी आवळला नाही."

दुकानदार जवळ सरकला. "अण्णा, याके सुम्मने? कंपनानं सैल होतात नट. मी सांगतोय ना, माल माझा—"

"सैल झालेल्या नटाखाली घासल्याची खूण असते. आवळलेल्या नटाची पण असते. इथं काहीच नाही. नुसता हातानं लावून ठेवलेला. बघा." त्यांनी बॅटरी त्याच्यापुढं धरली. त्यानं बघितलं नाही. मग जयम्मापुढं धरली. तिनं बघितलं.

"का राहिलं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती. मला वाटतं, दुसरं काहीही विचारलं असतं तर ते सहन करू शकले असते. त्यांनी बोटं परत त्या नटावर ठेवली. नागोजण्णांना याकेचं उत्तर देता आलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तर दारातून आलं. "सिलिंडर," तुळसक्का म्हणाल्या. "त्या दिवशी गॅसवाला आला. त्याची कंबर धरली होती, म्हणून मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही येऊन सिलिंडर आत घेतलात. मग मी म्हटलं आलाच आहात तर कॉफी घ्या."

ते आठवत गेले. नट बोटानं लावला, पाना उचलायला हात पुढं गेला, हाक आली. परत आल्यावर पाना उचलला तो पुढच्या बोल्टसाठी. हातानं दोन फेऱ्या फिरवल्या, खुणा जुळल्या; नुसता बोटानं लावलेला नटही दोन फेऱ्या धरून राहिला. आणि पुढं बारा दिवस. मग ताण सुटून पट्टा घसरला.

तीन आठवडे ते इंजिन उघडून बसले होते. वाकलेल्या झडपा काढल्या, नव्या घासून बसवल्या. त्या काळात दुसरी एकही गाडी घेतली नाही. जयम्माला ओळखीच्या एकाची गाडी मिळवून दिली, कारण पाळीच्या बायका थांबू शकत नव्हत्या. पैशाचं तिनं काढलं तेव्हा हातानंच "बोलायचं नाही" अशी खूण केली. दुकानदार मात्र गल्लीत सांगत सुटला की म्हाताऱ्यानं आपल्याच हातानं नाव घालवलं. दोनतीन जुनी गिऱ्हाइकं त्यानंतर खरंच आली नाहीत. त्यांना वाटलं असेल, अण्णांचा हात आता गेला.

गाडी देऊन झाल्यावर मी एकदा गेले तेव्हा फळीवर चार वाकड्या झडपा तारेत ओवून टांगल्या होत्या. मी चिठ्ठी लावत लावत वाचली. "न-ट आ-व-ळ-ला ना-ही." आणि खाली, "ना-गो-जी." इतर चिठ्ठ्यांवर कुणाचं नाव नव्हतं.

"नाव कशाला लिहिलंत?"

"कारण लिहायचं म्हणजे पूर्ण लिहायला पाहिजे," ते म्हणाले. मग झडपांची तार सारखी करत म्हणाले, "एक कळत नाही, ताई. मला आठवत नव्हतं. नट आवळलो असं मला नक्की आठवत होतं. जे झालंच नाही ते नक्की कसं आठवतं हो? याके?"

मी ती चिठ्ठी पुन्हा लावत लावत वाचली.

यावर उपाय काढला तो तुळसक्कांनी. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, गाडीच्या बॉनेटला आयुष्यात हात न लावलेल्या. त्यांनी नवऱ्याला बसवून एका वहीत सगळ्या कामांची यादी लिहून घेतली, स्वतःच्या अक्षरात. पुढच्या गाडीपासून त्या शेडच्या दाराशी पाटावर बसू लागल्या. पुढ्यात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला घेतलेल्या, मांडीवर वही. काम झालं की वाचायच्या.

"वरची सील?"

"आयितु." आयितु म्हणजे झालं.

"पंपाचे बोल्ट, पाच?"

"आयितु."

"ताणाचा नट?"

"आयितु."

"आठवून नको. हात लावून सांगा."

ते उठून परत आत हात घालायचे, पाना लावायचे, आणि मग म्हणायचे, "आयितु." तेव्हा कुठं वहीत खूण व्हायची. एकदा मी बघत असताना त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "पाचवा बोल्ट सगळ्यात लांब, तोच ना खालचा? मग तो आधी का नाही आवळत?" नागोजण्णांनी पाना खाली ठेवला. इतक्या वर्षांत विचारणारी तीन माणसं होती. मी चौथी होते, आणि पाचवी बेचाळीस वर्षं त्यांच्या घरातच राहत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा निघाली. दोघं खडूच्या चित्रावर वाकून बोल्टांचा क्रम ठरवत बसले होते.

जयम्मा पुढंही गाडी त्यांच्याकडंच आणत राहिली. मी तिला एकदा विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "चूक झाली तर हे सांगणार, एवढं मला माहीत आहे. बाकीच्यांचं मला काहीच माहीत नाही."

काम त्यांनी सोडलं तेही स्वतःच. उजवा हात थरथरू लागला होता. मी म्हटलं, थोडंथोडं करत राहा. म्हणाले, "थरथरत्या हातानं सील सरळ बसत नाही. बसली असं वाटतं." शेड त्यांनी कुणाला भाड्यानं दिली नाही, नुसती बंद केली. त्यानंतर वर्षभरानं, पावसाळ्यात, झोपेतच ते गेले. मी त्या वेळी कोल्हापूरला होते, मला फोनवर कळलं. त्यामुळं माझ्याकडं त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्याआधीच्या वैशाखातलं.

मी शहरातून कुवेंपुनगरच्या बसमध्ये चढले तर पुढच्या सीटवर ते दोघं. नागोजण्णांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला जरीचा फेटा. तुळसक्का जांभळ्या रेशमी साडीत, मांडीवर रंगीत कागदात गुंडाळलेलं स्टीलचं पातेलं. पुतण्याचं लग्न होतं. "बाराचा मुहूर्त. आम्ही वरपक्ष," तुळसक्कांनी सांगितलं. "ह्यांनी अक्षता द्यायच्यात."

पुढच्या वळणाच्या अलीकडं बस आचके देत थांबली. ड्रायव्हर उतरून मागं गेला. नागोजण्णा त्याच्याआधी उतरले होते. लोक घड्याळं बघू लागले. दहा मिनिटांनी मागून दुसरी बस आली आणि कंडक्टर बाईंनी सगळ्यांना तीत चढायला सांगितलं. आम्ही चढलो. तुळसक्का माझ्याशेजारी खिडकीजवळ बसल्या, पातेलं मांडीवर. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "अहो, चला!" बंद बसच्या मागचं झाकण वर उचललेलं होतं आणि त्याखालून फक्त पांढऱ्या सदऱ्याची पाठ दिसत होती. एक हात बाहेर आला, थोडं थांबा असा हलला आणि परत आत गेला.

"अकरा चाळीस," तुळसक्का मला म्हणाल्या. "काय सांगायचं ह्यांना आता."

कंडक्टर बाईंनी शिट्टी मारली. बस हलली. आणि तुळसक्का एकदम उठल्या. "निल्लिसि! थांबवा, थांबवा!" पातेलं छातीशी धरून त्या पायऱ्यांवरून उतरल्या, मला काही बोलायला सुचायच्या आत.

मी मागच्या काचेतून बघत राहिले. त्यांनी पातेलं फुटपाथवर ठेवलं, पिशवीतून छत्री काढून उघडली आणि ऊन लागू नये म्हणून नवऱ्याच्या पाठीवर धरली. डोकं तर झाकणाखालीच होतं. मग त्याही वाकल्या. आत बघून बोटानं काहीतरी दाखवत काहीतरी विचारलं. ड्रायव्हरनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. नागोजण्णांनीही पाहिलं, आणि मग फेटा सावरत ते थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी तुळसक्कांना जागा करून दिली.